घरातला वाद

समुपदेशनाला येणारी जोडपी मला बहुधा एकच विचारतात, ‘आमची भांडणं संपणार कधी?’ मी सांगते, सगळी संपणार नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांना जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे आढळले. गावी पैसे किती पाठवायचे, हा वाद वर्षानुवर्षं चालतो. तो कसा घालायचा, हे मात्र आपल्या हाती असतं. रागात नाडी मिनिटाला १०० च्या पुढे गेली की समोरच्याचं काही डोक्यात शिरत नाही. तेव्हा ‘जेवण झाल्यावर बोलू’ म्हणा, किमान २० मिनिटं जाऊ द्या आणि जेवण झाल्यावर खरंच बोला. अबोला लांबवू नका. हात उगारला जात असेल, तर मात्र ते भांडण नव्हे, हिंसा आहे. महिलांसाठी २००५ चा कायदा आहे. तिथे समजुतीनं घेऊ नका, मदत मागा.