ती ओळ माझी होती

(शहाड येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी विषय दिलाय 'तंत्रज्ञान आणि आपण'. विषय मोठा आहे. मी त्यातल्या एका छोट्या गोष्टीबद्दल बोलणार आहे, मेसेज पुढे पाठवण्याबद्दल. आपण दिवसातून वीस वेळा ते करतो, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखं काय आहे असं वाटेल. मलाही वाटायचं.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. वाढलो इथेच. अब्बा सेंच्युरी रेयॉनमध्ये शिफ्टला जायचे. मी बारा वर्षं शहाडहून लोकल पकडतोय. कसाऱ्याकडून येणारी गाडी इथे येईपर्यंत भरलेली असते. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन. माझं बहुतेक 'ऑनलाइन आयुष्य' असंच एका अंगठ्यावर चाललेलं आहे.

आधी माझ्या कामातलं सांगतो. आम्ही दहा-पंधरा जण मिळून एक प्रोग्रॅम लिहितो. कोणी काय बदललं याचा हिशेब ठेवायला गिट नावाचं साधन वापरतो. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते बनवलं, आज जगभर वापरतात. त्यात प्रत्येक बदलासोबत बदल करणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ नोंदली जाते. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला अशी बांधलेली असते की जुनं गुपचूप बदललं तर पुढचं सगळं जुळेनासं होतं. आणि त्यात एक कमांड आहे, 'गिट ब्लेम'. ती चालवली की फाइलमधल्या प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची बदलणाऱ्याचं नाव येतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा आमचा प्रोग्रॅम बंद पडला. सिनियरने सगळ्यांसमोर ही कमांड चालवली. चुकलेल्या ओळीसमोर माझं नाव. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. सिनियर म्हणाले, "बरं झालं, आता विचारायला माणूस सापडला. ही ओळ का लिहिली होतीस?" मी कारण सांगितलं, पाच मिनिटांत दुरुस्ती झाली. त्या दिवशी कळलं की नाव लिहिलेलं असतं ते शिक्षा करायला नव्हे, दुरुस्त करता यावं म्हणून.

आता फोनकडे येऊ.

जून २०१८. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हा मेसेज तेव्हा महाराष्ट्रभर फिरत होता, तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. माझ्याकडे तो मित्रांच्या ग्रुपवर आला, सकाळी, गाडीत. गोणी घेऊन फिरणारे लोक, भरदुपारी येतात, मुलांना गुंगीचं औषध देतात. सोबत एक फोटो. खरंखोटं पाहायला दोन मिनिटं लागली असती. मी पाहिलं नाही. उलट मजकूर कॉपी केला, खाली स्वतःची एक ओळ जोडली: 'शहाडमध्येही दिसलेत, गेट बंद ठेवा.' मी कोणालाही पाहिलं नव्हतं. लोकांनी गांभीर्याने घ्यावं म्हणून लिहिलं. तो मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि कल्याणला जागा मिळाल्यावर झोपलो.

संध्याकाळी घरी आलो तर बिल्डिंगच्या गेटवर गर्दी. मध्ये आमचे रद्दीवाले मामा. परभणीकडचे, उन्हाने रापलेले, खांद्यावर गोणी. सहा-सात वर्षं आमच्याकडून रद्दी न्यायचे. दोन तरुणांनी त्यांची कॉलर धरली होती. गोणी उलटी करून झाली होती. पेपर, बाटल्या, एक मोडका पंखा. अजून कोणी मारलं नव्हतं, पण एकाने हात उचलला होता. तेवढ्यात अम्मी वरून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मोठ्याने म्हणाली, "अरे, हे आपले मामा आहेत. ह्यांच्या वजनकाट्यावर तुम्ही लहानपणी उभे राहायचात." हात खाली आला.

मामांनी पाणी प्यायलं आणि एकच विचारलं, "हे लिहिलं कोणी?"

सगळ्यांनी फोन काढले. कोणी म्हणालं वरच्या मजल्यावरून आलं, कोणी म्हणालं आंबिवलीच्या ग्रुपवरून. एकाने मला स्क्रीन दाखवली. शेवटची ओळ: 'शहाडमध्येही दिसलेत, गेट बंद ठेवा.'

ती ओळ माझी होती. तिथे गिट ब्लेम नव्हतं. त्या वीस माणसांत उत्तर माहीत असलेला एकटा मी होतो, आणि मी गप्प राहिलो.

काही दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. अफवा तीच, मुलं पळवणारी टोळी. मी ती बातमी लोकलमध्येच वाचली. आमच्या गेटवर अम्मी होती. तिथे तिचं ऐकलं जाईल अशी अम्मी नव्हती. फरक तेवढाच.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' ही खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून, पाच किंवा जास्त हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यावर दुहेरी बाण दिसतो. या खुणेचा अर्थ नीट समजून घ्या. किती हातांतून आला याचा अंदाज ती देते. कोणाच्या हातांतून, ते सांगत नाही. आणि माझ्यासारख्याने मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, तर खूणही राहत नाही. 'डिलीट फॉर एव्हरीवन'चाही गैरसमज नको. त्याने तुमच्या ग्रुपमधला मेसेज जातो. तिथून कोणी पुढे पाठवला असेल तर ती प्रत तशीच फिरत राहते.

मग कोणी म्हणेल, पहिल्या पाठवणाऱ्याला शोधायची सोय कंपनीने करावी. सरकारने फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत मोठ्या मेसेजिंग सेवांना तशी अट घातली. मेमध्ये व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं, एकाला शोधण्यासाठी सगळ्यांच्याच मेसेजवर माग ठेवावा लागेल. माझं मत विचाराल तर मलाही ही अट नको आहे. कारण सांगतो.

पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुस्लिम मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, तिच्या हिंदू मैत्रिणीने त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली. त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ज्या कलमाखाली हे करता आलं, ते ६६-अ, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. नाव समोर होतं म्हणून त्या मुली सापडल्या, आणि त्यांनी काही वाईट केलेलंही नव्हतं.

आणि मोहसीन शेख. सोलापूरचा मुलगा, पुण्यात आयटीत काम करणारा, म्हणजे माझ्याच धंद्यातला. फेसबुकवर कोणीतरी शिवाजी महाराजांची आणि बाळासाहेबांची विटंबना करणारी चित्रं टाकली. पुण्यात वातावरण पेटलं. २ जून २०१४ च्या रात्री नमाज पढून परतणाऱ्या मोहसीनला हडपसरमध्ये जमावाने मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडलं.

म्हणून तुमच्यातले बरेच जण नेटवर काही लिहीतच नाहीत, हे मला माहीत आहे. घरचे सांगतात, "फक्त बघ, बोलू नकोस." ती भीती खोटी नाही. माझ्या अम्मीलाही आहे. मग आपण काय करतो? स्वतःचं मत लिहीत नाही आणि दुसऱ्याचं पुढे ढकलतो. वाटतं, हे सुरक्षित आहे, यात माझं काही नाही. माझ्या गेटवरचा प्रसंग नेमका त्यातूनच घडला. बोलायला घाबरणारा मी, पाठवायला घाबरलो नाही.

आता आपल्याच घरातली एक आठवण करून देतो. हदीसच्या संग्रहांत, इमाम बुखारींचा घ्या किंवा इमाम मुस्लिमांचा, मजकुराआधी नावांची साखळी येते. अमुकने अमुककडून ऐकलं, त्याने अमुककडून. तिला इस्नाद म्हणतात. सांगणारे खरे बोलणारे होते का, त्यांची स्मरणशक्ती कशी होती, ते दोघे कधी भेटले तरी होते का, हे तपासायला विद्वानांनी माणसांच्या चरित्रांचे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. साखळी तुटलेली असेल तर मजकूर कितीही सुंदर असो, ती हदीस जईफ, कमकुवत. सूरह हुजुरातमध्येही बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, नाहीतर अजाणता कोणाचं तरी नुकसान होईल आणि नंतर पस्तावावं लागेल. ज्यांच्या परंपरेत हजारएक वर्षांपूर्वी एवढी चौकशी होती, त्यांचेच आपण नातू-पणतू 'सवाबसाठी २१ जणांना पाठवा' म्हटलं की लगेच पाठवतो.

आणि हे फक्त दुसऱ्यांच्या ग्रुपवर चालतं असं समजू नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ऑडिओ आला की ही लस घेतली तर पुढे आपल्या मुलांना मुलं होणार नाहीत. आवाज कोणाचा, डॉक्टर कुठला, काही पत्ता नाही. माझ्या खालाने शाळेत लस द्यायच्या दिवशी मुलाला घरी ठेवलं. २०२२ च्या अखेरीला गोवंडीत गोवरची साथ आली आणि लहान मुलं दगावली. सगळं अफवेमुळे झालं असं मी म्हणणार नाही. दाटीची वस्ती, कुपोषण, कोविडमध्ये राहून गेलेल्या लशी, कारणं बरीच. पण तो ऑडिओ पुढे पाठवणाऱ्या एकालाही आज कोणी काही विचारत नाही.

मी स्वतःसाठी काय ठरवलंय तेवढं सांगतो. पुढे पाठवताना मी वर लिहितो, हे मला कोणाकडून आलं आणि मी काय तपासलं. तपासलं नसेल तर पाठवत नाही. निम्मे मेसेज इथेच गळतात, कारण वर लिहिण्यासारखं काही नसतं. चूक झाली तर नुसतं डिलीट करत नाही. त्याच ग्रुपवर माझ्या नावाने लिहितो की ते चुकीचं होतं, ज्यांना पाठवलं असेल त्यांना कळवा. लाज वाटते, पण लोक हसत नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी कोणीतरी खासगीत विचारतं, "भाई, हा मेसेज खरा आहे का बघ." पोलिसांनी किंवा कंपनीने माझं नाव शोधून काढावं असं मला वाटत नाही. मीच ते सांगावं असं वाटतं, जिथे सांगणं सुरक्षित आहे तिथे तरी. घरच्यांच्या आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर ते सुरक्षित आहे.

मामांना सांगायला मला वर्ष लागलं. एका रविवारी ते आले, मी जुनी पुस्तकं खाली नेऊन दिली आणि म्हणालो, "मामा, ती ओळ मी लिहिली होती." ते काट्यावर वजनं मांडत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाहेर उभी असलेली हातगाडी दाखवली. म्हणाले, "त्या दिवसानंतर उसने पैसे घेऊन ही केली. गोणीवाल्याला लोक अडवतात, गाडीवाल्याला नाही."

गाडीचे हप्ते किती राहिलेत ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. पुस्तकांचे पैसे मात्र मोजून माझ्या हातात ठेवले.

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर विचारा.