रोजच्या दिवसाची छबी

कोणत्याही मध्यमवर्गीय घरातील छायाचित्रांचा जुना संग्रह उघडून पाहिला, तर त्या घरात लग्ने, मुंजी आणि बारशी यांखेरीज काही घडतच नव्हते, असा समज व्हावा. नवरदेवाचा फेटा तेथे आहे, आहेराची ताटे आहेत, आणि आजवर कोणालाही ओळखता न आलेला एक वऱ्हाडी गृहस्थही आहे. पण ज्या चुलीपुढे बसून घरच्या गृहिणीने तीस वर्षे सगळ्यांना दोन वेळा जेवू घातले, त्या चुलीचे चित्र नाही. आजी आहे ती खुर्चीत ताठ बसलेली, शालीची घडी सावरलेली. तांदूळ निवडता निवडता नातवावर ओरडणारी आजी त्या संग्रहात कोठेच सापडत नाही. आणि ती गेल्यावर नातवाला आठवते ती नेमकी हीच आजी.

आठवण रोजच्या दिवसांची येते आणि चित्रे मात्र सणावारांची उरतात, ही विसंगती फार जुनी आहे. तिचे मूळ माणसाच्या उदासीनतेत थोडे आणि कॅमेऱ्याच्या ओझ्यात पुष्कळ आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी निगडित असलेल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पुढे लवकरच रूढ झालेल्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत काचेवर रसायन पसरावयाचे, ते ओले असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधारात नेऊन ते धुवावयाचे. बाहेरगावी निघालेल्या छायाचित्रकाराबरोबर काळोखी राहुटी, बाटल्या, काचा आणि तिपाई यांचे बिऱ्हाडच निघे. समोरच्या माणसाने काही सेकंद हालचाल करावयाची नाही, असा दंडक असे. त्या काळच्या चित्रांतील पूर्वज इतके गंभीर का, याचे एक उत्तर येथे मिळते: हसू तेवढा वेळ ओठांवर टिकत नाही. एवढ्या खटाटोपाने चित्र घ्यावयाचे म्हणजे त्यास प्रसंगही तोलामोलाचाच हवा. तांदूळ निवडणाऱ्या आजीसाठी राहुटी कोण ठोकणार?

हे ओझे उतरवण्याचे श्रेय प्रथम अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांच्याकडे जाते. त्यांचा पहिला कोडॅक कॅमेरा १८८८ साली निघाला. त्यात शंभर चित्रांचा रोल घातलेला असे. तो संपला की कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. १९०० साली आला ब्राउनी. पुठ्ठ्याची साधी पेटी, किंमत एक डॉलर, आणि गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर धरलेली लहान मुले. पुढे जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी चलच्चित्रासाठी बनलेली पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यात बसवली, आणि लायका या नावाने तो १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. चित्र काढणे हा धंदा होता, तो आता छंदही झाला.

आपल्या देशातील असंख्य घरांना हा छंद लावला तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने तयार केलेल्या आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्याने. काळ्या रंगाचा, वजनाला हलका, एका रोलवर बारा चौकोनी चित्रे देणारा हा कॅमेरा पुष्कळांच्या घरी कातडी पिशवीत घालून खुंटीला टांगलेला असे. पुढे त्याच्या जोडीला, उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही मिळू लागली. कॅमेऱ्यात जमवाजमव अशी जवळजवळ नव्हतीच. भिंगाचे छिद्र मुळातच लहान, म्हणून काही पावलांपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट दिसे. झडपेची गती मात्र बेताची. हात हलला की चित्रही हलले. उन्हाकडे पाठ करणे, कोपरे अंगाशी धरणे आणि क्षणभर श्वास रोखणे एवढेच त्याचे शास्त्र. आज बडोद्याचा तो कॅमेरा बनत नाही आणि उटकमंडचा कारखानाही बंद आहे. पण त्या बारा चौकोनांनी घरोघरी जे टिपून ठेवले, ते कपाटांतून अजून शाबूत आहे.

या चित्रांचे मोल समजून घ्यावयाचे, तर जुन्या नगरापेक्षा नव्याने उभ्या राहिलेल्या गावाकडे पाहावे. छत्तीसगडातील भिलाई हे असे गाव. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज आले, आणि त्याच्यामागोमाग भारताच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. मुंबई-हावडा लोहमार्गाने नागपूर, विदर्भ यांकडील मराठी कुटुंबेही त्यांत होती. दुर्ग आणि भिलाई ही आता एकमेकांत मिसळून गेलेली जोडगावे. त्यांतील मोहन नगरसारख्या वस्तीत निरनिराळ्या भाषांची बिऱ्हाडे शेजारी शेजारी नांदतात.

अशा गावात आलेल्या कुटुंबापाशी पणजोबांचा वाडा नसतो, ओळखीचा घाट नसतो, ग्रामदेवतेची जत्राही मागे राहिलेली असते. झोतभट्टीची चित्रे सरकारने काढली. ती पुस्तकांत आहेत, प्रदर्शनांत आहेत. पण पाळीवरून आलेल्या माणसाने दाराशी टेकवलेली सायकल, अंगणात नुकतेच लावलेले आणि अजून गुडघ्याएवढेही न झालेले आंब्याचे रोप, शेजारच्या तेलुगू बाईंकडून इडलीचे पीठ घेऊन येणारी मुलगी, यांचे चित्र कोणत्या दप्तरात असणार? ते निघाले तर त्या घरच्या लहान कॅमेऱ्यातूनच. १९७२ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या मैत्रीची खूण म्हणून भिलाईत मैत्री बाग झाली, तेव्हा रविवारी मुलांना तेथे उभे करून काढावयाच्या चित्रांना एक हक्काची जागा मिळाली. यांतली एखादी प्रत पत्रातून गावाकडच्या आजी-आजोबांना जाई आणि नव्या मुलखातले आपले माणूस खरोखर कसे राहते, ते त्यांना प्रथमच दिसे. सोव्हिएत संघ १९९१ साली लयास गेला, मध्य प्रदेशातून छत्तीसगड २००० साली वेगळे झाले, अंगणातले रोप वाढून त्याला फळेही लागली असतील. ते गुडघ्याएवढे होते, याचा पुरावा तेवढ्या एका चौकोनात राहतो.

रोजच्या आयुष्याचे चित्रण ही हौशी माणसाने वेळ घालवण्याची गोष्ट आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची हकीकत अवश्य ऐकावी. गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव कनु गांधी हे आश्रमात कार्यालयीन कामे करीत. त्यांना छायाचित्रे काढावयाची इच्छा झाली. आश्रमाच्या पैशातून असल्या गोष्टी होणार नाहीत, असे गांधीजींचे म्हणणे. अखेर घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले आणि त्यांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर: झगझगीत दिवा लावावयाचा नाही, उभे राहा किंवा इकडे पाहा असे सांगावयाचे नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही.

कोणत्याही छायाचित्रकाराला या अटी जाचक वाटल्या असत्या. प्रत्यक्षात त्यांनीच कनु गांधींची दृष्टी घडवली. दिवा नाही, म्हणून खिडकीतून येणाऱ्या उजेडाची वाट पाहणे आले. सूचना देता येत नाही, म्हणून माणसांच्या हालचाली ओळखून योग्य जागी आधीच जाऊन थांबणे आले. पैसे नाहीत, म्हणून एकेक चित्र विचार करून घेणे आले. उन्हाचा ताप चुकवण्यासाठी डोक्यावर उशी घेतलेले गांधीजी आणि कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्री यांची आपल्या हातांनी शुश्रूषा करणारे गांधीजी या चित्रांतून दिसतात. सभांतील गांधीजींची चित्रे जगभरच्या वृत्तपत्रांनी काढली; सेवाग्रामच्या साध्या दिवसातले गांधीजी पुष्कळ अंशी या एका तरुणाच्या कॅमेऱ्यामुळे राहिले. आणि कॅमेरा केव्हा मिटवावा, हेही याच गुरूने शिकवले. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या, तेव्हा गांधीजींनी कनु गांधींना चित्र घेऊ दिले नाही. जे दिसते ते सारे टिपावयाचे नसते. जवळच्या माणसाच्या हाती कॅमेरा असला, म्हणजे हा विवेक अधिकच लागतो. कारण त्याला कोणी दार बंद करीत नाही.

या तीन अटी लहान कॅमेरा बाळगणाऱ्या कोणालाही आजही उपयोगी पडतील. छत्तीसगडच्या मैदानात काय किंवा विदर्भात काय, वैशाखातील दुपारचे ऊन डोक्यावरून सरळ खाली पडते. भुवयांची सावली डोळ्यांत येते आणि चेहऱ्याच्या जागी दोन काळे खळगे दिसतात. तोच चेहरा ओसरीत, दाराच्या आत दोन पावलांवर, बाहेरच्या परावर्तित उजेडात पाहावा. सुरकुतीन् सुरकुती बोलू लागते. पावसाळ्यात आकाश झाकोळलेले असले की पुष्कळजण कॅमेरा पेटीत ठेवतात. वास्तविक तो मऊ, सावलीविरहित उजेड भाजीवालीच्या टोपलीतील वांगी, ओली कौले आणि छत्रीखालची शाळकरी मुले यांना जितका मानवतो तितका ऊन मानवत नाही. दूरच्या वस्तूला जवळ ओढण्याची शक्ती अशा कॅमेऱ्यात बेताचीच असते, म्हणून माणसाने स्वतःच चार पावले पुढे जावे. जवळ गेले की बोलावे लागते, विचारावे लागते, थोडी ओळख होते. आणि ओळखीच्या माणसाचे चित्र दुरून चोरून घेतलेल्या चित्रापेक्षा नेहमीच सरस उतरते.

आज कॅमेरा टेलिफोनात शिरून प्रत्येकाच्या खिशात आला आहे. बारा चौकोनांची मर्यादा गेली. एका सहलीत बाराशे चित्रे निघतात. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यांचा खप त्यामुळे ओसरला, तरी काही तरुण मंडळी वीस वर्षांपूर्वीचे असे कॅमेरे हौसेने शोधून पुन्हा वापरू लागली आहेत. त्यात जुन्याची नवलाई थोडी असेलच. परंतु ज्या यंत्राला चित्र काढण्याखेरीज दुसरे काम नाही, ते हाती घेतल्यावर माणसाचेही लक्ष दुसरीकडे जात नाही, हा लाभ खरा आहे. त्यात निरोप येत नाहीत, बातम्या येत नाहीत. त्या घटकेपुरते पाहणे एवढेच काम उरते, आणि लहान कॅमेऱ्याचा पहिला आनंद हा असा पाहण्याचा आहे. घरापासून दूधकेंद्रापर्यंतचा रोजचा रस्ता कॅमेरा हाती असला की निराळा दिसतो. वळणावरच्या न्हाव्याच्या आरशात समोरचे गुलमोहराचे झाड रोजच पडलेले असते. ते त्या दिवशी प्रथम डोळ्यांत भरते.

विपुलतेचा धोका मात्र ओळखावा. बाराशे चित्रे काढली जातात आणि त्यांतले एकही कोणी पाहत नाही. टेलिफोन बिघडला की वर्षेच्या वर्षे पुसून जातात. महिन्याकाठी दहा-बारा चित्रे निवडून कागदावर छापून घ्यावी आणि मागच्या बाजूस पेन्सिलीने चार शब्द लिहावे: कोण, कोठे, केव्हा. नाव नसलेले चित्र दोन पिढ्यांत परके होते. त्या संग्रहातील वऱ्हाडी गृहस्थ बिचारा कोणाचा तरी मामा किंवा मावसोबा असेल. पाठीमागे एक ओळ नव्हती म्हणून तो आपल्याच गोतात अनोळखी ठरला.

लग्नाची चित्रे निघतच राहतील. त्यांसाठी बोलावलेला माणूस येतो आणि त्याची सोय आधी झालेली असते. उद्या सकाळच्या चहासाठी मात्र कोणी येणार नाही. जे रोज दिसते ते उद्याही दिसेल असे वाटते, म्हणूनच ते राहून जाते; आणि एका वर्षी चूल जाते, सायकल मोडीत निघते, तांदूळ निवडणारे हात थांबतात. यात चित्र काढण्यासारखे काय आहे, असा प्रश्न ज्या वस्तूकडे पाहून मनात येईल, तिचे चित्र आधी काढावे.