घोरणे, श्वास आणि जबडा : निद्रा-श्वासरोधावरील एक पर्यायी उपचार

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय घरोघरीचा आहे. अंथरुणाला पाठ टेकताच जो घोरू लागतो, त्याला भाग्यवान समजण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘काय गाढ झोप लागते याला!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु ते घोरणे मध्येच थांबते, काही क्षण पूर्ण शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन पुन्हा घोरणे सुरू होते, असे होत असेल तर त्या शांततेची काळजी वाटावयास हवी. त्या क्षणी त्या मनुष्याचा श्वास थांबलेला असतो. झोपलेल्याला याची वार्ताही नसते. ती असते शेजारी जागणाऱ्या व्यक्तीला. म्हणूनच या व्याधीची पहिली साक्ष बहुधा घरातील दुसरे कोणीतरी देते.

या व्याधीला वैद्यकशास्त्रात ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. आपण तिला निद्रा-श्वासरोध म्हणू. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ व मृदू टाळू मागे सरकतात आणि श्वासमार्ग अरुंद होतो किंवा मिटतो. छाती श्वास घेण्याची धडपड करीत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मार्ग मोकळा होतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबणे किंवा लक्षणीय मंदावणे, असे प्रसंग तासाला किती येतात यावरून तीव्रता ठरते. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तिसांहून अधिक म्हणजे तीव्र.

रात्रभर असे शेकडो वेळा घडल्यावर सकाळी डोके जड होते, तोंड कोरडे पडते, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते, चिडचिड वाढते. वाहन चालविताना लागलेली ती डुलकी केवळ त्या चालकाच्याच नव्हे, तर इतरांच्याही जिवावर बेतू शकते. औषधे घेऊनही आटोक्यात न येणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके आणि पक्षाघात यांच्याशी या व्याधीचा संबंध आढळला आहे.

हा परदेशातील स्थूल लोकांचा आजार, असा समज कोणी करून घेऊ नये. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली तो प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेतील श्वसनाचा बिघाड आढळला आणि ७.५ टक्क्यांमध्ये त्याच्या जोडीला दिवसाची झोपाळू अवस्थाही होती. हे सारे स्वतःला निरोगी समजणारे लोक होते.

आता उपचारांकडे वळू. १९८० पूर्वी तीव्र रुग्णासाठी खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेचा मार्ग उघडणे हाच होता. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे सौम्य दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. तेच आजचे ‘सीपॅप’ यंत्र. श्वासरोध थांबविण्यात त्याची बरोबरी करील असे दुसरे साधन आजही नाही, हे मी प्रारंभीच स्पष्ट सांगतो.

मग पर्यायाचा विचार कशासाठी? कारण यंत्र कितीही गुणकारी असले तरी ते वापरले तरच गुण देते. चेहऱ्यावर मुखवटा, त्याला जोडलेली नळी, कोरडे पडणारे नाक, प्रवासात वाहून न्यावयाचे ओझे, यांना कंटाळून अनेक जण ते बाजूला ठेवतात. रात्री चार तास आणि दहांपैकी सात रात्री यंत्र वापरले, तर तो वापर समाधानकारक मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे समाधानकारक म्हटलेल्या वापरातही निम्मी रात्र विनाउपचार जाऊ शकते. कपाटात ठेवलेले यंत्र तर कोणाचाच श्वास मोकळा करीत नाही.

येथे दंतवैद्यकाची मदत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास अडखळू लागला, तर भूलतज्ज्ञ त्याचा खालचा जबडा बोटांनी पुढे ओढतो. जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूस जोडलेला असल्यामुळे जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि घसा मोकळा होतो. हेच काम रात्रभर करणारे साधन म्हणजे तोंडात बसवावयाचे उपकरण. वरच्या व खालच्या दातांवर चपखल बसणारे दोन साचे असतात आणि ते खालच्या जबड्याला काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. जबडा पुढे आल्यावर टाळूमागचा मार्ग विशेषतः दोन्ही बाजूंनी रुंदावतो, असे प्रतिमा-तपासणीत दिसून आले आहे. या उपकरणाला वीज लागत नाही, आवाज नसतो आणि ते एका डबीत मावते.

त्याची सीपॅपशी तुलना कशी ठरते? सिडनी येथेच झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम व तीव्र श्वासरोध असलेल्या त्याच रुग्णांना एक महिना यंत्र आणि एक महिना मुखातील उपकरण देण्यात आले. श्वासरोधाचे प्रसंग यंत्रावर तासाला सरासरी ४.५ पर्यंत उतरले, तर उपकरणावर ११.१ पर्यंतच. यंत्र निःसंशय सरस ठरले. परंतु रुग्णांनी सांगितलेला वापर पाहता यंत्र रात्री सरासरी ५.२ तास आणि उपकरण ६.५ तास वापरले गेले. अखेर चोवीस तासांचा रक्तदाब आणि दिवसाची झोपाळू अवस्था या बाबतींत दोन्ही उपचार जवळपास सारखेच उतरले. एका महिन्याच्या अनुभवावरून अंतिम निवाडा करता येत नाही. तरीही प्रभावी उपाय थोडा वेळ आणि सौम्य उपाय पूर्ण रात्र, या दोहोंचे फळ जवळजवळ येऊ शकते, हा बोध महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील निद्रावैद्यक व दंत-निद्रावैद्यक या दोन संस्थांनी २०१५ साली संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ज्या प्रौढ रुग्णांना सीपॅप सोसत नाही किंवा ज्यांना दुसरा उपचार अधिक पसंत आहे, त्यांना उपचाराविना ठेवण्यापेक्षा मुखातील उपकरण द्यावे, असे त्यांत म्हटले आहे.

परंतु बंधुभगिनींनो, या उपचाराच्या मर्यादा सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊ इच्छित नाही. स्थूलमानाने एक तृतीयांश रुग्णांना यापासून फारसा लाभ होत नाही. व्याधी तीव्र असेल, रक्तातील प्राणवायू फार उतरत असेल, तर प्रथम सीपॅपचाच विचार व्हावा. मेंदूकडूनच श्वासाचा आदेश न येणारा एक निराळा श्वासरोध असतो. त्यावर जबडा पुढे ओढून उपयोग नाही. पुरेसे दृढ दात नसतील, हिरड्यांचा रोग बळावलेला असेल किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल, तर उपकरण लावणे इष्ट नव्हे. प्रारंभी लाळ सुटते, दात ठणकतात, सकाळी चावताना दात जुळत नाहीत. हे बहुधा काही आठवड्यांत कमी होते. मात्र वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवण थोडी बदलू शकते, म्हणून नियमित तपासणी सोडू नये.

उपचाराचा क्रमही ध्यानी घ्यावा. प्रथम वैद्यांकडून झोपेची तपासणी, मग निदान. त्यानंतर या विषयाचे शिक्षण घेतलेल्या दंतवैद्याकडून मापे घेऊन बनविलेले उपकरण. जबडा एकदम पुढे न ओढता तो हळूहळू पुढे न्यावयाचा असतो. शेवटी उपकरण तोंडात असताना पुन्हा झोपेची तपासणी. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तेथेच धोका आहे. घोरणे थांबले म्हणजे श्वासरोध थांबला असे नव्हे. बाजारात गरम पाण्यात मऊ करून स्वतःच बसवावयाची तयार उपकरणे मिळतात. त्यांनी घरातल्यांची झोपमोड थांबेल, पण व्याधी आत तशीच राहिली तर तिची सूचना देणारा आवाजही आपण बंद केलेला असेल.

वजन आटोक्यात ठेवणे, मद्य वर्ज्य करणे, वैद्यांना विचारल्याशिवाय झोपेच्या गोळ्या न घेणे आणि काहींच्या बाबतीत कुशीवर झोपणे, ही पथ्ये कोणत्याही उपचारासोबत पाळावीत.

आपल्यापैकी कोणाचे यंत्र कपाटात पडून असेल, तर त्याने स्वतःला दोष देत बसू नये आणि ‘आता उपाय नाही’ असेही समजू नये. आपल्या वैद्यांना स्पष्ट सांगावे की यंत्र सोसत नाही. मुखवटा बदलून पाहता येतो, हवेचा दाब तपासता येतो आणि तेही जमले नाही तर हा दुसरा मार्ग आहे. आणि ज्या घरात रात्री ती विचित्र शांतता ऐकू येते, तेथील माणसांनी आज घरी गेल्यावर संकोच न करता तो विषय काढावा. झोपलेला माणूस स्वतःची तक्रार करू शकत नाही.