डोर्ल्याच्या सड्यावरची पाल



अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा असा आपला प्रघात आहे. तो आढावा कार्यवाहांच्या छापील अहवालात सविस्तर आला आहे. म्हणून मला मिळालेला वेळ मी एकाच प्राण्याला देणार आहे. रत्नागिरी जिल्ह्यात डोर्ले नावाचे गाव आहे. तिथल्या सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, एक पाल आज हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस या शास्त्रीय नावाने ओळखली जाते. घरातल्या पालीहून ती लहान असते आणि तिच्या अंगावर फिके आडवे पट्टे असतात. ती जमिनीवर राहणारी आहे. दिवस जांभ्या दगडाखाली काढायचा आणि रात्री बाहेर पडायचे, हा तिचा क्रम. भिंतीवर येत नसल्यामुळे ती कोणाच्या नजरेस पडत नाही. दगड उलटून पाहणारा माणूस सड्यावर गेला, तरच ती सापडते.

१९६३ साली अ‍ॅलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये या पालीचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. ग्रँडिसनबाई लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या सरीसृपतज्ज्ञ. जाती नवी आहे हे दोघांनी ओळखले. पुढचा प्रश्न होता, तिला कोणत्या वंशात बसवायचे? खवल्यांच्या साम्यावरून त्यांनी तिला टेराटोलेपिस वंशात घातले. हा वंश गुंथरने १८६९ मध्ये स्थापला होता. त्यात तोवर एकच जाती होती, सिंधमधली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लिथने तिचे वर्णन आधीच केलेले होते. कौलारू छपरावर कौले चढवावीत तसे तिच्या अंगावर मोठे खवले एकमेकांवर चढलेले असतात. असे खवले पाहिल्यावर कोणालाही ही पाल वेगळ्या वंशातली वाटेल.

पंचेचाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, अ‍ॅरन बाउर, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही पालींचे डीएनए तपासले. दोघीही हेमिडॅक्टायलस वंशाच्या आत, भारतातल्या इतर जमिनीवर राहणाऱ्या पालींच्या शेजारी जाऊन बसल्या. टेराटोलेपिस हा वंश गेला. डोर्ल्याच्या पालीचे जातिनाम टिकले, फक्त पुढचे वंशनाम बदलले. सिंधच्या पालीची मात्र अडचण झाली. ती हेमिडॅक्टायलसमध्ये आली, तर जुन्या जातिनामासह तिचे नाव हेमिडॅक्टायलस फॅसिएटस होणार. पण हे नाव ग्रेने १८४२ मध्येच आफ्रिकेतल्या एका पालीला दिलेले. एका वंशात एकाच नावाच्या दोन जाती चालत नाहीत आणि जुन्या नावाचा हक्क पहिला. त्यामुळे सिंधच्या पालीला हेमिडॅक्टायलस इम्ब्रिकेटस हे नवे नाव द्यावे लागले.

ही हकिगत सांगितली की विद्यार्थी विचारतात, मग १९६३ चे काम चुकले का? माझे उत्तर ठाम नकारार्थी आहे. त्या लेखात दोन वेगवेगळे दावे होते. ही जाती वेगळी आहे, हा पहिला. तिची नातलग अमुक आहे, हा दुसरा. पहिला दावा आजही अबाधित आहे. दुसरा बदलला, कारण तो तपासायला लागणारी साधने आणि तुलनेचे नमुने त्या काळी नव्हते. आणि तो बदलता आला याचे कारण असे की लेखकांनी जे पाहिले ते नीट लिहून ठेवले, नमुने जपले आणि गावाचे नाव नोंदवले. मोजक्या नमुन्यांवर काम करणाऱ्या माणसाकडून मी याहून अधिक अपेक्षा करत नाही. याहून कमी मात्र मला चालणार नाही.

मोजके नमुने म्हणजे नेमकी कसली अडचण, ते इथल्या तरुणांसाठी थोडे उलगडून सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाल उताणी ठेवायची, चिमट्याने मागचा पाय हलकेच सरळ करायचा आणि चौथ्या बोटाखालच्या आडव्या पट्ट्या मोजायच्या. त्यांतल्या किती अखंड आणि किती मधोमध दुभंगलेल्या, ते वेगळे लिहायचे. हेमिडॅक्टायलसची ओळखच या दुभंगलेल्या पट्ट्यांत आहे. मग ओठांवरचे खवले, मग पाठीवरच्या उंचवट्यांच्या ओळी. त्यानंतर मांडीखालची आणि अवस्करापुढची छिद्रे. या वंशात ती नरांतच असतात. तुमच्या बाटलीत दोन माद्या आणि एक पिल्लू असेल, तर वर्गीकरणाचे एक महत्त्वाचे लक्षण तुम्हाला दिसलेलेच नाही. शेपटीचेही तसेच. पाल शेपूट टाकते आणि नवी उगवते, पण नव्या शेपटीवरचे खवले मूळ शेपटीसारखे नसतात. हाती आलेल्या सगळ्या पालींची शेपूट पुन्हा उगवलेली असेल, तर शेपटीचे वर्णन लिहायचे कशावरून? रंग मद्यार्कात फिका पडतो. फॉर्मॅलिनमध्ये पक्क्या केलेल्या जुन्या नमुन्यातून डीएनए मिळवणे फार कठीण असते.

या सगळ्यांतून जे दिसले तेवढेच लिहावे आणि जे दिसले नाही त्याची जागा वर्णनात रिकामी ठेवावी. ‘नर उपलब्ध नाही’ हे तीन शब्द लिहायला धीर लागतो, कारण परीक्षकाला ते कच्चे वाटतात. माझ्या मते वर्णनातले सर्वांत प्रामाणिक शब्द तेच.

एकाच नमुन्यावर नवी जाती जाहीर करावी का, यावर आपल्यात मतभेद आहेत. वय, लिंग किंवा इजा यांमुळे बदलत नाही असा ठळक फरक असेल, तर जरूर करावी. थांबून राहिलो तर तो प्राणी कोणत्याच यादीत येत नाही आणि त्याच्या रक्षणाची मागणीही करता येत नाही. मात्र बोटाखालची एखादी पट्टी कमी आणि ओठावरचा एखादा खवला जास्त, एवढ्यावर नवे नाव देण्याच्या मी विरोधात आहे. एवढा फरक एकाच दगडाखालच्या दोन पालींतही सापडू शकतो. डोर्ल्याच्या पालीतले हे बदल कळायला २००९ उजाडावे लागले. त्या वर्षी गायकवाड, गिरी आणि सहकाऱ्यांनी तिचा प्रसार, तिचे राहणीमान आणि जातीअंतर्गत फरक यांवर लेख लिहिला. नव्या जातीच्या लेखाइतकी चर्चा अशा लेखाची होत नाही. विद्यापीठांच्या गुणांकनात त्याला कमी लेखू नये, असे मला कळकळीने वाटते.

आता गावाच्या नावाविषयी. ‘डोर्ले’ असे लिहिलेले होते, म्हणून पुढच्या पिढीला कुठे शोधायचे हे ठाऊक होते. २००८ मध्येच हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस ही नवी पाल गिरी आणि बाउर यांनी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून वर्णिली. तिचाही ठिकाणा कोणीही आज जाऊन पाहू शकतो. याउलट एका महाविद्यालयाच्या कपाटात मी पालींच्या बरण्या पाहिल्या. चिठ्ठीवर एकच शब्द, ‘कोकण’. तारीख नाही, गोळा करणाऱ्याचे नाव नाही, मद्यार्क अर्ध्यावर आटलेला. त्यांत काय काय होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. मोबाइलवरच्या छायाचित्रांनी आज मोठी मदत होते, आणि ती पाठवणाऱ्या हौशी निरीक्षकांचा मला आदर आहे. पण छायाचित्रात मांडीखालची छिद्रे मोजता येत नाहीत. रीतसर परवानगी घेऊन केलेला, नीट नोंदलेला थोडासा संग्रह आपल्याला लागणारच.

आणि सडा शिल्लक असेपर्यंतच हे काम होईल. सातबाऱ्यावर कातळाची नोंद पोटखराबा अशी होते. मग तिथे चिऱ्यांची खाण निघते, किंवा सुरुंग लावून, माती टाकून आंब्याची बाग उभी राहते. आंबा आणि चिरा यांवर कोकणातल्या हजारो घरांचे पोट आहे. त्यांच्याविरुद्ध बोलायला मी इथे उभा नाही. माझी मागणी एवढीच की ज्या ठिकाणावरून एखादी जाती पहिल्यांदा वर्णिली गेली, त्या ठिकाणचा थोडा कातळ तरी जसाच्या तसा राखावा. मूळ ठिकाणचा ताजा नमुना मिळाला नाही, तर पुढच्या शंका सोडवायच्या कशाच्या आधारे?

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव मांडतो. आपल्या सदस्य-महाविद्यालयांनी पुढच्या अधिवेशनापर्यंत आपल्याकडच्या सरीसृपांच्या सर्व नमुन्यांची यादी करावी. यादीत गाव, तारीख, गोळा करणारा आणि लिंग हे चार रकाने असावेत, आणि माहिती नसेल तिथे रकाना कोरा ठेवावा. ज्या विभागाला नमुने सांभाळणे जमत नसेल, त्यांनी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या आकुर्डी येथील केंद्राकडे देण्याबाबत बोलणी करावीत. कोकणातल्या पाच महाविद्यालयांनी आपापल्या जवळचा एकेक सडा वर्षभर पाहायचे कबूल केले, तर त्यांच्या प्राध्यापकांना मोजणीची पद्धत शिकवण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो. ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांनी कृपया हात वर करावेत.