दाराबाहेरचा अभिप्राय

मुंबईहून सुरतेकडे जाताना वापी मागे पडली की थोड्याच वेळात उदवाड्याचे स्टेशन येते. गाव तेथून काही अंतरावर, समुद्रकाठी आहे. पारशी समाजाचा इराणशाह हा पवित्र अग्नी १७४२ पासून तेथे तेवत आहे. मध्यंतरी तिकडे जायचे ठरले तेव्हा, हल्लीच्या रीतीस अनुसरून, मी आधी मोबाइलवर प्रवाशांचे अभिप्राय वाचले. मासळीच्या जेवणाला पाच तारे होते. अग्निमंदिराविषयी मात्र अनेकांची एकच तक्रार : परधर्मीयांस आत सोडत नाहीत, सबब खेप फुकट गेली. काहींनी रागाने एकच तारा दिला होता.

श्रोतेहो, त्या एका ताऱ्याने माझे मन किती कलुषित केले होते, हे तेथे पोहोचल्यावर मला कळले. दाराशी एक वृद्ध पारशी गृहस्थ उभे होते. हे आता आपणांस हटकणार, असे गृहीत धरून मीच तुटकपणे म्हणालो, "आम्ही आत येणार नाही." ते हसून गुजरातीत म्हणाले, "साहेब, मी तर रिक्षाची वाट पाहतो आहे."

सरकारी नोकर असल्याने तक्रारवहीशी माझा परिचय जुना आहे. एस.टी. उशिरा आली तर प्रवाशाने जरूर लिहावे. त्याने तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. परंतु इराणशाह ही कोणी विकायला मांडलेली सेवा नव्हे. सोळा प्रकारच्या अग्नींवर संस्कार करून तो सिद्ध झाला. आकाशातील विजेचा अग्नीही त्यांत आहे. दिवसाच्या पाचही प्रहरी धर्मगुरू त्याची विधिपूर्वक सेवा करतात. तेथील मज्जाव शुचितेच्या कल्पनेतून आला आहे, पाहुण्याच्या तिरस्कारातून नव्हे. सोवळ्यात असलेल्या आजीने देवघराबाहेर थांबविले म्हणून आपण तिला कधी तारे दिले नाहीत.

प्रत्येक बंदी योग्यच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले होते. पारशांतही, परधर्मीयांशी विवाह केलेल्या स्त्रियांच्या अग्यारीप्रवेशाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. हे घरातल्या माणसांनी घरात मागितलेले हक्क आहेत. दुपारच्या गाडीने परतणाऱ्या प्रवाशाला या वादाची वार्ताही नसते, आणि तरीही 'हे लोक तुसडे' हा त्याचा निकाल पुढच्या हजारो वाचकांपर्यंत पोहोचतो.

स्तुतीही तितकीशी निरुपद्रवी नाही. धानसाक, पडके बंगले, आणि 'लवकर पाहून घ्या, हे लोक संपत आले' असा सूर! पारशांची संख्या २००१ च्या जनगणनेत ६९,६०१ होती, ती २०११ मध्ये ५७,२६४ झाली, हे खरेच. पण ज्यांच्याविषयी हे लिहिले जाते, तेही ते वाचतात. आपल्या गावाविषयी असे वाचताना त्या रिक्षावाल्या आजोबांना काय वाटत असेल? छे, रिक्षावाले नव्हेत, रिक्षाची वाट पाहणारे!

घरी आल्यावर मीही अभिप्राय लिहावयास बसलो. इराणशाहाचे दर्शन पारशांसाठीच आहे, गावात रिक्षा उशिरा मिळते, माणसे बोलकी आहेत, एवढे लिहिले. परंतु तारे दिल्यावाचून ते पान पुढे सरकेना.