पात्रता फेरी आणि हजेरीपट



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने फुटबॉलवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही बोनस किंवा कंत्राटी पद्धत असे काही सांगू, अशी त्यांची अटकळ होती. वास्तविक आम्ही बोलणार आहोत ते त्याच विषयावर. उदाहरण मात्र मैदानावरचे घेतले आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, भारत आणि सिंगापूर यांचा सामना झाला. २०२७ साली सौदी अरेबियात भरणाऱ्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतला हा सामना. छांगतेने पहिल्या पंधरा मिनिटांतच गोल करून आपल्याला आघाडी मिळवून दिली. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी केली आणि उत्तरार्धात त्यानेच दुसरा गोल चढविला. एकास दोन. भारत स्पर्धेबाहेर गेला. आम्ही हा सामना युनियनच्या कचेरीत सभासदांबरोबर टी.व्ही.वर पाहिला. पंच शिट्टी वाजवून मोकळे झाले तरी बराच वेळ कोणी उठले नाही. मग एकाने विचारले, "साहेब, अजून दोन सामने आहेत ना?" होते, पण आता ते नुसते हजेरी लावण्यापुरते उरले होते.

त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही सांगतो, कारण पात्रता फेरी म्हणजे काय हे पुष्कळांना नीट ठाऊक नसते. आशियाई चषकात २४ संघ खेळतात. त्यांपैकी १८ संघ आधीच्या फेऱ्यांतून ठरले होते. उरलेल्या सहा जागांसाठी २४ संघांचे सहा गट पाडले. एका गटात चार संघ, आणि गटात पहिला येईल तो एकटाच आत जाणार. आपल्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. चिठ्ठ्या टाकताना भारताला मानांकनाप्रमाणे वरच्या ओळीत बसविले होते, म्हणजे कागदावर गटातले थोरले आपणच. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली. जूनमध्ये हाँगकाँगने एका गोलाने हरविले. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात अगदी शेवटी रहीम अलीने गोल केला म्हणून एक गुण हाती लागला. त्यानंतर फातोर्डा. पुढे नोव्हेंबरात ढाक्यातही हार झाली, आणि गटातून सिंगापूर पात्र ठरले.

फातोर्ड्याच्या आदल्याच दिवशी, १३ ऑक्टोबरला, आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडील केप व्हर्डे नावाचे बेटांचे राष्ट्र जागतिक करंडकासाठी पात्र ठरले. त्याची वस्ती पाच लाखांच्या आसपास. आपल्या मावळ तालुक्याची वस्ती २०११ च्या शिरगणतीत पावणेचार लाखांच्या घरात होती. तेव्हा एकशे चाळीस कोटींचा देश अकरा माणसे उभी करू शकत नाही, हा नेहमीचा विलाप आम्हाला पटत नाही. खेळाडू शिरगणतीतून निघत नाहीत. क्रिकेटने सारे खाल्ले म्हणणारेही पुष्कळ भेटतात. क्रिकेटने पैसा खाल्ला हे खरे, परंतु पावसाळ्यात लोणावळ्यात क्रिकेट खेळून दाखवावे कोणी! चार महिने आपल्याकडे चिखलच असतो, आणि चिखलात पोरे चेंडू लाथाडतात. राहिली शरीरयष्टी. लोहगड-विसापूरच्या चढणी रोज चढणाऱ्या पोरांच्या दमाविषयी आम्ही या सभेत काय सांगावे?

मग अडते कुठे? आमचे उत्तर असे की अडते हजेरीपटावर.

एक काळ असा होता की भारत आशियात पहिल्या रांगेत होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. तेथे यजमान ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन हरविताना मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. १९६२ मध्ये जाकार्ताला दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्णपदक घेतले. हे खेळाडू कोण होते? डिसूझा टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळले. पी. के. बॅनर्जी पूर्व रेल्वेचे. त्या रेल्वेच्या संघाने १९५८ साली कलकत्त्याची लीग जिंकली. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर, आणि त्यांनी घडविलेला संघ हैदराबाद पोलिसांचा. या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स करंडक नेला. रेल्वेचा नोकर, पोलीस शिपाई, तेल कंपनीचा कर्मचारी. सकाळी सराव, नंतर कामावर हजेरी, आणि पाय मोडला तरी पगार चालू.

आपल्या घाटाचेच पाहा ना. कर्जतला पुष्कळ गाड्यांच्या मागे बँकर इंजिने जोडतात आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलीत आणतात. फलाटावरच्या माणसाला दिसते पुढचे इंजिन. खेळाडूच्या मागची नोकरी ही अशी बँकर होती.

त्या काळातही एक मोठी गफलत झाली, ती सांगितली पाहिजे. १९५० च्या ब्राझीलमधील जागतिक करंडकासाठी ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाईन्स यांनी माघार घेतल्याने भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला होता. आणि आपण गेलो नाही. अनवाणी खेळू दिले नाही म्हणून गेलो नाही, ही कथा लोकांना फार आवडते. महासंघाने त्या वेळी दिलेली कारणे होती निवडीवरून झालेले मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. त्या धुरीणांना ऑलिंपिकचे मोल अधिक वाटे. १९५४ चा आपला अर्ज स्वीकारला गेला नाही, आणि त्यानंतर जागतिक करंडकाच्या पात्रता फेरीत भारत पहिला सामना खेळला तो १९८५ साली. म्हणजे अंगात बळ होते तेव्हा दार ठोठावले नाही, आणि ठोठावू लागलो तोवर मागची इंजिने सुटू लागली होती.

मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्याची कहाणी इथे नको; पण त्यानंतर गिरण्यांबरोबर गिरणगावातली मैदानेही आटली. १८९१ पासूनचा रोव्हर्स करंडक २०००-०१ नंतर भरलाच नाही. महिंद्रा कंपनीने आपला संघ २०१० मध्ये मोडला. गोव्यात खाणमालकांच्या घराण्यांनी धेंपो, साळगावकर हे संघ पोसले होते. २०१६ मध्ये तेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. या मालकांचे गुणगान आम्ही गाणार नाही. कंपनीची जाहिरात हा त्यांचा हेतू होताच. परंतु त्या जाहिरातीत खेळाडूला भविष्यनिर्वाह निधी मिळत होता. फातोर्ड्याला आपल्या संघाचे प्रशिक्षक होते खालिद जमील. तेही खेळाडू म्हणून महिंद्रा आणि एअर इंडियाच्या संघांतूनच पुढे आले. त्यांना मिळाली ती वाट त्यांच्या हाताखालच्या मुलांना उरलेली नाही.

त्याऐवजी २०१४ पासून नवी लीग आली. दिवे आले, आतषबाजी आली, निवडक खेळाडूंना मोठे पगारही आले. ते वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. पण ही सारी नोकरी मुदतीच्या करारावर. आपल्याकडे कारखान्यात २४० दिवस भरले की सलग नोकरी धरली जाते. म्हणून कंत्राटदार काय करतो? दिवस भरत आले की "ब्रेक" देतो. पात्रतेच्या उंबऱ्यावर माणसाला घरी बसवितो. २०२५ साली भारतीय फुटबॉलचे हेच झाले. महासंघ आणि लीग चालविणारी व्यापारी कंपनी यांच्यातील करार डिसेंबरात संपत होता; नव्याचे ठरेना, म्हणून जुलैमध्येच लीग लांबणीवर पडली. ऑगस्टमध्ये एका नामांकित क्लबाने खेळाडूंचे पगार थांबविल्याचे जाहीर केले. पात्रता फेरीच्या ऐन हंगामात देशाच्या पहिल्या दर्जाच्या खेळाडूंना लीगचा एकही सामना नव्हता. याच मुलांनी सप्टेंबरात ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टीवर हरविले होते, हे विसरू नये. एखादी पाळी माणूस उपाशीपोटीही जोरात मारतो. महिनाभर नाही मारू शकत.

यावर उपाय संघटनेचा आहे, आणि तो जगात जुना आहे. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूच्या पगारावर आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. खेळाडूंच्या युनियनचे अध्यक्ष जिमी हिल यांनी संपाचा इशारा दिला, आणि जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा उठली. पाच वर्षांनी इंग्लंडने जागतिक करंडक जिंकला. संपामुळे जिंकला असे आम्ही म्हटले तर आमचेच सभासद हसतील. पण संपाने खेळ बुडतो म्हणणाऱ्यांनी हा दाखला जवळ ठेवावा. आपल्याकडेही २००६ साली बायचुंग भूतिया यांच्या अध्यक्षतेखाली खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिचे बळ वाढले पाहिजे.

आता आपल्या गावाकडे येऊ. तळेगावच्या पट्ट्यातील एका कारखान्यात कंत्राटावर असलेला एक मुलगा आमच्याकडे आला होता. पुण्यात जिल्ह्याच्या निवडीसाठी त्याला बोलावणे होते आणि पाळी दुसरी. सुपरवायझर म्हणाला, "जा खुशाल, पण परवापासून येऊ नकोस." मुलगा पाळीवर गेला. त्याची निवड झाली असती की नाही, कोणास ठाऊक! पण ती न होण्याचा निकाल मैदानावर लागला नाही. मैदानाचीही तीच गत. लोणावळा-खंडाळ्यात सपाट जागा दिसली की तिच्यावर एक तर बंगला उठतो, नाही तर रविवारच्या गाड्यांचा तळ पडतो. नगरपालिकेतल्या मंडळींनी ही तक्रार समजावी, कारण ती तक्रारच आहे.

यंदा आमच्या मागणीपत्रकात आम्ही एक कलम घातले आहे: जिल्हा किंवा राज्य निवडीसाठी बोलावलेल्या कामगाराला, तो कायम असो की कंत्राटी, वर्षात सहा दिवस भरपगारी रजा. व्यवस्थापनाचे अधिकारी पहिल्या बैठकीत हसले. दुसऱ्या बैठकीत त्यांनी विचारले की असे किती जण निघतील. आम्ही नावे दिली. सात निघाली, त्यांत दोन गोलरक्षक. तिसरी बैठक ज्येष्ठात, पहिल्या पावसाच्या सुमारास आहे.