उसाची वाट आणि चिठ्ठीची वाट

न्हावरे गाव म्हटलं की घोडगंगा सहकारी साखर कारखाना आठवतो. अशा कोणत्याही साखर कारखान्यात उसाच्या जोडीनं कागदही प्रवास करतो. या दोन्ही वाटा ऊस उत्पादकानं एकदा तरी शेजारी-शेजारी काढून पाहाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

कामाची वाट चिन्हांनी काढायची पद्धत फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या अमेरिकी दांपत्यानं १९२१ साली मांडली. आज रूढ असलेली चिन्हं सोपी आहेत. काम झालं तिथं वर्तुळ, तपासणीला चौकोन, ने-आणीला बाण, साठवणीला त्रिकोण. नुसतं ताटकळणं असेल, तर इंग्रजी ‘डी’ अक्षर.

डावीकडं ऊस, उजवीकडं कागद असा दोन रकान्यांचा तक्ता आखा. लागणीची नोंद झाली, उजवीकडं वर्तुळ. कारखान्याच्या चिटबॉयनं प्लॉट पाहिला, चौकोन. तोडीची चिठ्ठी निघाली की टोळी फडात उतरते आणि डावा रकाना सुरू होतो. गाडी भरून निघते, बाण. वजनकाट्यावर दोन्ही वाटा एकत्र येतात. आधी भरल्या गाडीचं वजन, गव्हाणीत ऊस पडला की रिकाम्या गाडीचं. वजाबाकी म्हणजे तुमचं टनेज. तिथून ऊस साखरेच्या वाटेला लागतो. कागदाला मात्र अजून बराच पल्ला असतो: हिशेब विभाग, सोसायटीची कपात, मग बँक.

आता ‘डी’ कुठं-कुठं पडला ते शोधा, कारण तक्त्याचं खरं मोल तिथं आहे. तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या आवारात थांबला तर वाळतो. वजन घटतं, आतली साखरही मोडायला लागते. हा तोटा शेतकऱ्याचा आणि कारखान्याचाही. कागद थांबला तर अडकतो शेतकऱ्याचा पैसा. त्यासाठीच १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात मुदत घातली आहे. वेगळा करार नसेल, तर ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत रक्कम द्यायची. उशीर झाला, तर वर्षाला पंधरा टक्के दरानं व्याज.

म्हणून काट्याची पावती जपून ठेवा. तोडणी, काटा आणि खात्यात पैसे जमा होणं, या तिन्ही तारखा तक्त्यावर लिहा. काट्यापासून चौदा दिवस उलटूनही पैसे जमा झाले नसतील, तर तो तक्ता घेऊनच ऑफिसात जा आणि विचारा, आमचा कागद नेमका कोणत्या टेबलावर थांबला आहे?